बोलायचंय, पण नाव बाहेर पडायला नको

मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, समुपदेशक आहे. तिथं औषधं न्यायला येणाऱ्या बायका मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, आपल्यासाठी काही मागायचं तर पुढं व्हावं लागतं, आणि पुढं झालं की गावभर होतं. मग गप्प बसलेलंच बरं नाही का?"

हाच प्रश्न घेऊन एक ताई आल्या होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगणवाडीत मदतनीस आणि मुलीच्या लग्नाचं बघणं चाललेलं. गोळ्यांचा एक डोस कधी चुकला नव्हता, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला होता. औषधाच्या बाटलीवरचं लेबल त्या नखानं खरवडून काढायच्या आणि आत कापूस कोंबायच्या. एसटीत पिशवी हलली की गोळ्या वाजतात आणि शेजारची बाई विचारते, "कसल्या गोळ्या?" म्हणून हा उद्योग.

झालं असं होतं की, अंगावरून फार जात असल्यामुळे त्यांचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. एका खासगी दवाखान्यात तारीखही मिळाली होती. रक्ताचा रिपोर्ट आला आणि तारीख रद्द झाली. "इथं जमणार नाही, मोठ्या दवाखान्यात जा," एवढंच सांगितलं. फाइलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत एचआयव्ही असल्याचं लिहिलं होतं आणि ती फाइल काउंटरवर सगळ्यांसमोर उघडी पडून होती. पुढे ऑपरेशन दुसरीकडे नीट पार पडलं, पण ती लाल अक्षरं काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दरम्यान, जिल्ह्यातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांचा एक गट आरोग्य अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीसाठी मागण्यांचं निवेदन तयार करत होता. त्यांनी ताईंना सांगितलं, "तुमचा अनुभव तुम्हीच मांडा." ताई माझ्याकडे आल्या त्या नाही म्हणायचं बळ मागायला. बोलता बोलता मात्र म्हणाल्या, "माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, असंही वाटतंय."

अशा वेळी "घाबरू नका, बिनधास्त बोला" असं मी कधीच म्हणत नाही. भीती खरी असते. लग्न मोडतं, घरात भांडी वेगळी होतात, कामावर कुजबुज सुरू होते. म्हणून मी त्यांना एवढंच विचारलं, "कुणाला कळलं तर तुमचं नुकसान होईल?" त्यांनी बोटांवर मोजत नावं घेतली. नणंद, मुलीला बघायला येणारी मंडळी आणि कामावरच्या सुपरवायझर बाई. 'गावभर' म्हणता म्हणता यादी तीन नावांवर आली. एवढ्या मोजक्या माणसांपासून जपून कसं राहायचं, याचा विचार करता येतो.

मग कायद्याचं बोललो. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा उपचाराआधी चाचणीची सक्ती करणं या कायद्याने भेदभाव ठरतं. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय स्वतःची स्थिती सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही. डॉक्टर, नर्स किंवा माझ्यासारख्या समुपदेशकाला विश्वासाने कळलेली गोष्ट लेखी संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही. अपवाद आहेत, पण ते कायद्यात ठरवून दिलेले आहेत. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे, आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असायला हवा. कोर्टात गेलात तरी टोपणनावानं लढण्याची सोय आहे. मुंबई उच्च न्यायालयानं तर १९९७ मध्येच, हा कायदा यायच्या कितीतरी आधी, एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका माणसाला नाव न सांगता दाद मागू दिली आणि निकालही त्याच्या बाजूनं दिला.

ताईंनी लगेच विचारलं, "कायदा आहे, पण नणंदेचं तोंड कोण धरणार?"

बरोबर होतं त्यांचं. कायदा दवाखान्याला जाब विचारतो, नात्यागोत्यातली कुजबुज तो थांबवत नाही. म्हणून बोलायचं कसं, हे आपलं आपणच ठरवावं लागतं. आणि इथेच एक गाठ सोडवायला हवी, ती म्हणजे अनुभव सांगणं आणि स्वतःची स्थिती जाहीर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. 'जिल्ह्यातल्या एका महिलेचं ऑपरेशन रिपोर्ट पाहून रद्द झालं' हे वाक्य बैठकीत गटातलं कुणीही वाचून दाखवू शकतं. त्यात गावाचं नाव लागत नाही, दवाखान्याची तारीख लागत नाही, कामाचा उल्लेखही लागत नाही.

"पण आम्हा चार बायकांचं ऐकतंय कोण?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी त्यांना किगालीची हकिकत सांगितली. आज आपल्याकडे बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका अभ्यासात दिसलं की गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असलेल्या ४२६ महिलांपैकी चौघींच्या बाळांना मज्जारज्जूशी संबंधित जन्मदोष होता. लगेच काही देशांनी, मूल होऊ शकेल अशा बायकांना हे औषध देण्यावर बंधनं घातली. पुरुषांना चांगलं औषध, बायकांना जुनं. जुलैमध्ये आफ्रिकेतल्या अनेक देशांतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या महिला रवांडातल्या किगालीत जमल्या. धोका काय आहे ते आम्हाला समजावून सांगा, गर्भनिरोधकं द्या, आणि निर्णय आमचा आम्हाला घेऊ द्या, असं त्यांनी लेखी मांडलं. पुढे जास्त महिलांची माहिती हाती आली, तेव्हा धोका पहिल्यापेक्षा बराच कमी दिसला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं महिलांसह सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. आकडे बदलले म्हणून शिफारस बदलली, हे खरंच. पण त्या बायका बोलल्या नसत्या, तर 'हिला काय कळतंय' हे गृहीतच धरलं गेलं असतं. मला या हकिकतीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ताई बोलत गेल्या, मी लिहीत गेले. फाइलवर खुणा नकोत. घडी बसलेल्या रुग्णांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, दर महिन्याला यायचं तर एका दिवसाचा रोज बुडतो. तिसरी मागणी मी सुचवली होती, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी. एचआयव्ही असलेल्या महिलांना हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो, आणि त्यांची तपासणी पंचविशीपासूनच सुरू करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतकी वर्षं गोळ्या नेतेय, हे कुणी बोललंच नाही," म्हणाल्या. ती मागणी त्यांनी उचलून सगळ्यात वर घालायला लावली.

बैठकीला गटातल्या बायका मिळून गेल्या. ताई गेल्या नाहीत. त्यांचा अनुभव गटातल्या दुसऱ्या एकीनं वाचला. तिची स्थिती आधीपासून सगळ्यांना माहीत होती आणि तिची तयारीही होती. फाइलवर खुणा करू नयेत अशी लेखी सूचना निघाली. तपासणीसाठी सेंटरच्याच इमारतीत महिन्यातला एक दिवस ठरला. तीन महिन्यांच्या गोळ्यांचं उत्तर मात्र "साठा पाहून ठरवू" असंच आलं. त्यासाठी पुन्हा निवेदन द्यायचं आहे, आणि यावेळचा मसुदा ताई स्वतः लिहीत आहेत.