बुवा, आज कुठे लावू?

प्रश्न तुमचे, उत्तरं ग्वाल्हेरच्या एका निवृत्त पेटीवाल्याची

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे स्पेनला, सेव्हियाला जातोय. त्यानं फ्लामेंको या तिकडच्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या कार्यक्रमाची तिकिटं काढून ठेवली आहेत. दोन गायक, दोन गिटारवाले, सगळे साठी-सत्तरीचे, नाच नाही. त्यानं पाठवलेला व्हिडिओ ऐकला. गाणाऱ्याचा आवाज फाटका, वर गेला की ओरडल्यासारखा. ह्यांना वाटलं घसा बसलाय. यात आम्ही ऐकायचं काय?
– एक वाचक, लष्कर

उत्तर : घसा बसलेला नाही हो. आपल्याकडे मोकळ्या आकाराला मान, तसा तिकडे खरखरीला आहे. एल फियो नावाचा एकोणिसाव्या शतकातला गायक होता, त्याच्यावरून अशा आवाजाला ‘आफिया’ हे नावच पडलंय. वयाचंही तेच. 1922 साली ग्रानादाच्या आलांब्रा राजवाड्यात संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का वगैरे मंडळींनी जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली. धंदेवाईक गायकांना तिथे मज्जाव होता. तिथे नाव झालं ते एल तेनासास या सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याचं आणि मानोलो काराकोल नावाच्या बारा वर्षांच्या पोराचं. मधल्या वयाचे काय करत होते कोण जाणे.

पण तुम्ही गाणाऱ्याकडे पाहूच नका, निदान पहिली दहा मिनिटं तरी. गिटारच्या मानेवर एक चिमटा लावलेला दिसेल. त्याला ‘सेहिया’ म्हणतात. तो एक पडदा खाली, म्हणजे खुंट्यांकडे, सरकवला की पट्टी अर्ध्या स्वरानं उतरते, पेटीवर काळी दोनवरून पांढरी दोनवर यावं तशी. बोटांच्या जागा मात्र हाताला तशाच राहतात. गायक येऊन बसतो आणि हळूच सांगतो, ‘दोनवर, पोर मेदियो’, म्हणजे चिमटा दुसऱ्या पडद्यावर आणि हाताची ठेवण अमुक. आपले बुवा ‘काळी एक’ म्हणतात, तेच हे. ऐन उमेदीत चौथ्या पडद्यावर गाणारा माणूस सत्तरीत दुसऱ्यावर येतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मला हे इतकं का लागतं, ते सांगतो. पंचविशीत होतो तेव्हाची गोष्ट. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच एका वाड्यात बैठक होती. बुवा नेहमी काळी दोनमध्ये गायचे, म्हणून मी ते येण्याआधीच दोन्ही तानपुरे तिथे लावून ठेवले, तबलाही तिथेच चढवला. मोठं काम केल्याच्या थाटात बसलो होतो. बुवा आले, तानपुरा ऐकला, क्षणभर थांबले आणि गायला बसले. समोर लोक बसलेले, आता सगळं उतरवायला कुठे सांगायचं? मध्यलयीच्या चिजेत तार षड्जावर आवाज चिरला. दोनदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री टांग्यात बसताना एवढंच म्हणाले, “विचारायचं असतं रे, आज कुठे लावू म्हणून.”

चिमटा बघून झाला की गिटारवाल्याची वाट पाहण्याची कला बघा. गाणारा आधी नुसतं ‘आय…’ करत सूर अजमावतो. मग तीन-चार ओळींचं पद. ओळ चालू असताना जाणता साथीदार जवळजवळ काहीच करत नाही, एखादा स्वरसमूह दाबून धरतो. ओळ संपली की उत्तर. दोन पदांच्या मध्ये त्याची स्वतःची छोटी रचना येते, तिला ‘फाल्सेता’ म्हणतात. ओळीवर बोटं फिरवणारा गिटारवाला आणि तानेवर तान मारणारा पेटीवाला, दोघेही एकाच तुरुंगात जातील.

जायच्या आधी गायिका फर्नांदा दे उत्रेरा आणि गिटारवाला दिएगो देल गास्तोर यांचं ‘सोलेआ’ ऐकून जा, फ्लामेंकोतला तो एक गानप्रकार. बाईंचा आवाज चिंध्या झालेला, आणि हा मोरोनचा माणूस एकेक स्वर असा ठेवतो, जसं आंधळ्याच्या हातात पेला द्यावा. एक पद तरी गिटारशिवाय होईल, नुसत्या गळ्यावर. तेव्हा खोकला आवरा.

प्रश्न : सोलेआच्या बारा मात्रा मोजल्या. मग हा एकतालच ना?
– तबल्याचा विद्यार्थी, दौलतगंज

उत्तर : बारा आहेत, एवढंच साम्य. एकतालाच्या टाळ्या 1, 5, 9, 11 वर. सोलेआचं वजन 3, 6, 8, 10, 12 वर पडतं, म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. एकवर सम शोधत बसशील तर चुकशील. गिटारवाला दहावर येऊन टेकतो, अकरा-बारा श्वास घ्यायला. हातावर दहा आवर्तनं मोजून बघ. बुलेरिआस या जलद प्रकाराला मात्र लगेच हात घालू नकोस, तो वेग तुझ्या गुरुजींनाही घाम आणेल.

प्रश्न : फ्लामेंको मूळचं आपलंच, म्हणजे भैरवीच, हे खरं का?

उत्तर : जिप्सींचे पूर्वज भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून ठरलेलं आहे. फ्लामेंको घडलं दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात. सूर भैरवीच्या वाटेनं जातात हे कानाला पटतं, पण शेवटी गिटार शुद्ध गंधारावर थांबते आणि गळा मात्र उतरताना कोमल गंधार घेतो. बसंत मुखारी राग आठवा, जरा जवळ जाल. ‘आपलंच’ म्हणायची घाई आपल्याला फार.

प्रश्न : (लष्करच्याच बाईंचा, पत्राच्या मागच्या बाजूला) टाळ्या वाजवल्या तर चालेल का?

उत्तर : गाण्याबरोबर नको. तिथे टाळी हे वाद्य आहे, ती वाजवणारे कलाकार शेजारीच बसलेले असतात आणि तुमची टाळी त्यांच्या मात्रांत खड्यासारखी लागेल. ओळ जमली की ‘ओले’ म्हणा. तोंडातून ‘क्या बात है’ निघालं तरी हरकत नाही, गाणाऱ्याला कळेल. पुढच्या रांगेतली तिकिटं असतील तर चिमटा कितव्या पडद्यावर होता आणि मध्यंतरानंतर तो खाली सरकला का, एवढं बघून मला पत्रानं कळवा.