चारला गाडी लाव

कोल्हापूर
बुधवार, रात्री

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. रिक्षानं आधी कन्याकुमारी आणि तिथनं वर श्रीनगर. घरात बोलायच्या आधी तू मला विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. बाबा काळजी करतील, आई रागावेल, स्टॉपवरची पोरं ‘नाद खुळा’ म्हणून पाठ थोपटतील. पण वाटेत गाडी बंद पडली तर काय करायचं, हे यातलं कुणी सांगणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही. जा. फक्त एक गोष्ट मला आजच कबूल कर. रोज दुपारी चार वाजता गाडी लावायची. पुढचं गाव वीस किलोमीटरवर असलं तरी, रस्ता कितीही मोकळा असला तरी.

का ते सांगतो. लांबच्या रस्त्यावर रिक्षा बिघडणार हे धरूनच निघायचं. गावात ती दिवसभर पळते, पण थांबत थांबत पळते. महाद्वारात उतारू सोडला, पाच मिनिटं उभी राहिली, मग कावळा नाका. तू तिला सलग पाच-सहा तास हाणणार. तिचं इंजिन हवेवर थंड होतं आणि ते मागं, सीटखाली कोंडलेलं असतं. चारला थांबलास की गॅरेज उघडं असतं, पार्टाचं दुकान उघडं असतं, मिस्त्री हात धुऊन घरी गेलेला नसतो. तू निवांत गाडीभोवती फिरतोस आणि उद्या तुटणारी वायर आज तुझ्या नजरेला पडते. तीच वायर संध्याकाळी सातला तुटली तर तू हमरस्त्याच्या कडेला मोबाइलच्या उजेडात पाना शोधत बसतोस आणि शेजारून ट्रक जात असतात.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मी आणि दोन मित्र टू-स्ट्रोक गाडी घेऊन कन्याकुमारीला गेलो होतो. जाताना सगळं नीट झालं. परतताना धारवाडला सकाळी क्लच वायर तुटली. जवळ दुसरी नव्हती. शोधून आणून बसवेपर्यंत दुपार उलटली. त्या दिवशी बेळगावात मुक्काम करायला हवा होता. पण बेळगाव म्हणजे घर आलंच, असं वाटलं. आता जेवायचं ते घरीच, असं मीच म्हणालो. संकेश्वर मागं पडलं तेव्हा मिट्ट काळोख झाला होता. कारखान्यांचा हंगाम सुरू होता. तवंदी घाटाच्या अलीकडं उसाची एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती, चाक निखळलेली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते उसाचे शेंडे लोंबत होते. आमच्या गाडीचा उजेड तो केवढा! ट्रॉली पंचवीस-तीस फुटांवर आली तेव्हा मला दिसली. मी ब्रेक दाबला आणि हँडल उजवीकडं ओढलं, दोन्ही एकदम. गाडी डाव्या अंगावर पडली आणि तशीच घासत गेली. मागं बसलेल्या मित्राचा खांदा मोडला. फुटलेली काच, सांडलेलं पेट्रोल आणि त्यात मिसळलेला उसाचा गोड वास, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण त्या वेळी त्या रस्त्यावर आम्ही माझ्यामुळं होतो. त्या मित्राच्या आईसमोर जायला मला आठ दिवस लागले.

म्हणून चार.

ती गाडी का पडली, हेही समजून घे. तीनचाकीचा बहुतेक भार मागच्या दोन चाकांवर असतो. वळणात ब्रेक मारलास की तो भार पुढच्या एकट्या चाकाकडं आणि बाहेरच्या बाजूला धावतो, आणि त्या कोपऱ्यात आधार द्यायला चाकच नसतं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात फक्त हलकी रेस. सामानही याच हिशेबानं लाव. जड वस्तू खाली, पायाशी, मध्यभागी. टपावर कॅरिअर करून बॅगा बांधायचा विचार असेल तर सोडून दे. फोटोत छान दिसतं, पण वळणावर तोच बोजा गाडीला ओढतो. खड्ड्यांचंही तसंच. मोटारवाला खड्डा दोन चाकांच्या मधून काढतो. तुला तीन रेघा सांभाळायच्या आहेत, मधून काढायला गेलास तर पुढचं चाक नेमकं त्यातच जाणार. आठ इंची रिम ती, मोठा खड्डा तिला झेपत नाही. खड्डा दिसला की एका बाजूनं पूर्ण बाहेर काढ, तेवढी जागा नसेल तर अगदी हळू घाल.

आता गाडीचं. बाबांची परमिटची गाडी नेऊ नको. एक तर परमिट ठरलेल्या हद्दीपुरतं असतं, आणि दुसरं म्हणजे तू नसशील ते दोन महिने घराची चूल त्याच गाडीवर पेटायची आहे. खाजगी पासिंगची, पांढऱ्या पाटीची, फोर-स्ट्रोक पेट्रोल गाडी बघ. १५ वर्षांच्या आतली घे, त्याहून जुनी पेट्रोल गाडी दिल्लीत अडचणीत येते. सीएनजी घेऊ नको. शहरात ती स्वस्त पडते हे खरं, पण बाहेर पंप लांब लांब, रांगा मोठ्या, आणि त्या गाडीची पेट्रोलची टाकी लहान असते. आरसी, विमा, पीयूसी सगळं कागदावर आणि मोबाइलमध्ये, दोन्हीकडं ठेव. तुझ्या आणि सोबत्याच्या लायसन्सवर तीनचाकी चालते का, आणि दुसऱ्या राज्यांत जायला आणखी काय लागतं, ते आरटीओत स्वतः जाऊन विचार. एजंटाच्या शब्दावर निघू नको. आणि वाटेत उतारू घ्यायचे नाहीत. लोक हात करतील, एखादी म्हातारी असेल, जीव तुटेल. नाही घ्यायचे.

उद्यमनगरात गाडी पूर्ण उघडून घे आणि ती उघडताना तिथं उभा राहा. नुसतं ‘झालं’ असा फोन आला म्हणून आणायला जाऊ नको. ब्रेकचे लायनर, बेअरिंग, तिन्ही टायर आणि वायरी नव्या. क्लच, एक्सलेटर आणि गिअर यांच्या वायरी हँडलपासून मागच्या इंजिनापर्यंत येतात, इतक्या लांब की वाटेत ओवायला जीव जातो. म्हणून निघायच्या आधीच दुसरी क्लच वायर पहिलीच्या शेजारून ओवून, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बांधून ठेव. पहिली तुटली की फक्त टोकं जोडायची. धारवाडनंतर मी कायम असंच करत आलोय.

रोजची सवय दोन गोष्टींची. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर ऑइल बघायचं. आणि दर चाळीस-पन्नास किलोमीटरला दहा मिनिटं थांबायचं. थांबलास की चहाकडं जाण्याआधी तिन्ही चाकांच्या हबजवळ उलटा हात ने. तळहात नको, भाजतो. तिन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एखादा दुसऱ्या दोघांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथं ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग खराब होत चाललंय. मोठा बिघाड व्हायच्या आधी गाडी हे असं सांगते, कधी कधी दोन दिवस आधी. दोन-तीन दिवसांनी प्लग काढून बघ. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा असेल तर इंजिन खूश आहे. काळा कुळकुळीत असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय, त्या दिवशी वेग कमी कर. वेग म्हणशील तर चाळीस. गाडी पन्नासला जाते हे मलाही माहीत आहे.

उतार आला की न्यूट्रल करायचं नाही. पेट्रोल वाचतं म्हणून आपल्याकडं कित्येक जण जोतिबाच्या उतारावर करतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलास त्याच गिअरमध्ये उतर, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट लागेल. तिथला लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तू दक्षिणेकडं जाताना तो उतरणीचाच आहे. तो सकाळी घे, मागून येणाऱ्या ट्रकला वाट दे, डावी कड सोडू नको.

निघायचं संक्रांतीनंतर. पावसाळ्यात तर नाहीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हमरस्त्यावर आलं आणि आपला पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, ते तू पाहिलं आहेस. दिवाळीत निघालास तर तमिळनाडूत पाऊस भेटतो, त्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. संक्रांतीनंतर दक्षिण कोरडी असते. आणि तू वर पंजाबात पोचेपर्यंत तिकडचं धुकंही विरलेलं असतं. ऊसवाहतूक मात्र तेव्हाही चालू असते, निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यात तर जोरात. चारचं वचन पहिल्याच दिवशी कामाला येईल.

वाट सरळ आहे. बंगळूरपर्यंत ४८ नंबरचा महामार्ग, पुढं ४४ नंबर. सेलम, मदुराई, तिरुनेलवेली करत कन्याकुमारी. तोच ४४ नंबर उलटा धरलास की हैदराबाद, नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली, जम्मू आणि श्रीनगर. दिवसाला दोनशे किलोमीटर धर, आठवड्यातून एक दिवस गाडीला आणि तुम्हाला सुट्टी. कन्याकुमारीच्या अलीकडं मुप्पंदलजवळ पवनचक्क्यांचं रान लागेल. जिथं पवनचक्क्या तिथं वारा, आणि रिक्षाचं हूड म्हणजे शीडच. आडवा वारा लागला की हँडल घट्ट आवळू नको, वेग उतरव. एक्स्प्रेस वेच्या वाटेला जाऊ नको. मुंबई-पुण्याच्या एक्स्प्रेस वेवर आपल्याला बंदी आहे, बंगळूर-म्हैसूरच्या नव्या रस्त्यावर २०२३ पासून आहे. साध्या राष्ट्रीय महामार्गावर तीनचाकीला टोल नाही. नाक्यावर डावीकडची कडेची लेन बघ.

पानिपत ४४ नंबरवरच लागतं. तिथं घाई करू नको. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं तिथं पडली. काळा आंबच्या स्मारकापाशी अर्धा तास बसून ये. मला तिथवर जाता आलं नाही, ही एक इच्छा राहून गेली आहे.

परक्या गावात नड आली तर मोबाइलवर गॅरेज शोधण्याआधी रिक्षा स्टॉप शोध. तुझी रिक्षा आणि एमएच ०९ ची पाटी बघून तेच आधी गोळा होतील. ‘रिक्षा’ म्हणू नको, ‘ऑटो’ म्हण. नागपूरपासून वर रिक्षा म्हटलं की लोकांना सायकलरिक्षा आठवते. भाषा येत नसेल तर तुटलेला भाग हातात धरून दाखव. तिरुनेलवेलीत एका रिक्षावाल्यानं आमच्या गाडीचा आवाज ऐकला, एक शब्द न बोलता सायलेन्सरचा ढिला नट आवळून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तू कोल्हापुरात परगावची रिक्षा बंद पडलेली बघितलीस तर थांबत जा, आजपासूनच.

परदेशी मंडळी कोचीहून जैसलमेरपर्यंत रिक्षा चालवत जातात, त्यांचे व्हिडिओ तू पाठवले होतेस. धाडसी माणसं आहेत, कौतुक आहे. पण गाडी मोडली की मजा आली, असं त्यांचं गणित तू घेऊ नको. तुझ्या सोबतीला जो पोरगा येणार आहे, त्याच्या आईला शब्द देऊन तू त्याला नेणार आहेस.

त्याआधी तीन दिवसांची एक खेप कर. राधानगरीवरून फोंडा घाट उतर, कणकवली, सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लज आणि घरी. दोन घाट, एक उतरायचा, एक चढायचा. तिन्ही दिवस चारला थांब आणि थांबल्यावर गाडीत काय काय दिसलं ते वहीत लिही. ती वही मला दाखव.

येत्या रविवारी सकाळी सातला शेडवर ये, जुने कपडे घालून. माझ्या गाडीची क्लच वायर मी काढून ठेवतो, ती तू बसव. पहिल्यांदा दीड तास लागेल, लागू दे. वीस मिनिटांत बसायला लागली की आपण बाबांशी बोलायला जाऊ. मी बरोबर येतो.

तुझा,
तात्या