शेजाऱ्याचे पाणी बागेत शिरले: आधी पाणी काढा, औषधाचे नंतर बघू

प्रश्न: भारी काळ्या जमिनीत माझी सहा वर्षांची संत्र्याची बाग आहे, कलमे जंबेरी लिंबाच्या खुंटावरची. वरच्या अंगाला शेजाऱ्याचे शेत. त्याची मोटार रात्रभर चालू राहिली, पाइपाचा जोड निसटला आणि सकाळी माझ्या खालच्या पाच-सहा ओळींत घोटाभर पाणी. आज तिसरा दिवस. पाने मलूल झाली, काही पिवळी पडून गळताहेत. दुकानदार म्हणतो, झाडामागे अर्धा किलो युरिया टाका, मुळ्या फुटायचे टॉनिक सोडा आणि बुरशीनाशकाच्या दुप्पट मात्रेची आळवणी करा, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओता. करू का? आणि भरपाईचे काय?

उत्तर: नाही. तिन्हींपैकी आज एकही नाही. दुप्पट मात्रा तर आजही नाही आणि पुढेही नाही.

बागेत अजून पाणी उभे असेल तर हे वाचणे थांबवा आणि फावडे घेऊन जा. उताराच्या दिशेने, दोन ओळींच्या मधून हातभर खोल चर काढा आणि पाणी नाल्याला लावा. उतार नसेल तर खालच्या कोपऱ्यात खड्डा घ्या आणि पंपाने उपसा. चर झाडाच्या घेराबाहेरून न्या, बुंध्याजवळून नको. असतील नसतील त्या मुळ्या फावड्याने तोडाल. ट्रॅक्टर आत घालू नका. ओल्या काळ्या मातीत चाक फिरले की जमीन दाबली जाते आणि पाणी आणखी अडून बसते.

पाने मलूल का झाली ते समजून घ्या, कारण चुकीचा सगळा खर्च इथूनच सुरू होतो. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरले की हवा निघून जाते. एक-दोन दिवसांत मुळांचा श्वास कोंडतो आणि कोंडलेले मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभे आहे आणि तहानलेले आहे. दरवर्षी कोणीतरी असे मलूल झाड पाहून ठिबक चालू करतो. पाने लोंबली म्हणून पाणी देऊ नका. ठिबकचा कॉक आजच बंद करा. आच्छादन असेल तर तेही बाजूला ओढा, मातीला वारा लागू द्या.

आता घेराच्या कडेला खुरपीने वीतभर खणा आणि केसासारखी बारीक मुळी हातात घ्या. पांढरट-पिवळसर आणि टणक असेल तर ती जिवंत आहे. चिमटीत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून बोटांत आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ते फायटोप्थोरा या मूळ कुजवणाऱ्या बुरशीचे काम. मातीला नासक्या चिखलाचा वास असेल तर हवा अजून आत गेलेली नाही. दहा झाडांखाली असे बघा, वरच्या कोरड्या ओळीतलीही दोन घ्या म्हणजे फरक कळेल. दुकानदार हे बघायला आलेला नाही. त्याने काउंटरवर तुमच्या हातातले पान बघून तीन बाटल्या काढल्या.

युरिया का नको? हवा नसलेल्या जमिनीत नत्र टिकत नाही. काही वायू होऊन उडते, काही पाण्याबरोबर खाली जाते. घ्यायला मुळ्याही नाहीत. पाणी ओसरल्यावर उरलेले खत उरलेल्या मुळ्या भाजते. त्यातून झाड सावरलेच तर कोवळी पालवी फुटते आणि तिला पोसायला खाली काही नसते. मी अशी झाडे पाहिली आहेत, पंधरा दिवस हिरवीगार आणि महिन्याभरात वाळलेली. टॉनिकचेही तेच. मेलेल्या मुळीला कुठलीच बाटली फुटवा आणत नाही.

आणि आळवणी? जमीन आधीच भरलेली आहे, त्यात आणखी दहा लिटर पाणी ओतणार? औषध मुळाशी थांबणार नाही, चरातून वाहून जाईल. दुप्पट मात्रेने काम दुप्पट होत नाही. मेटॅलॅक्झिलसारखे औषध पुन्हापुन्हा आणि मनाला येईल तसे वापरले की बुरशी त्याला सरावते; मग खरी गरज पडेल तेव्हा तुमच्या हातात काही उरत नाही. पुन्हा सांगतो: वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, युरिया नाही, टॉनिक नाही, आळवणी नाही.

वाफसा आला हे पायाने ठरवू नका. वरचा थर दोन उन्हांत कोरडा दिसतो, खाली चिखलच असतो. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. बोटांतून पाणी आले किंवा हाताला चिकटली तर थांबा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा. तुमच्या जमिनीला वेळ लागेल. लागू द्या.

वाफसा आल्यावर बुंध्याभोवतीचा गाळ हाताने सारा. कलमाची जोड जमिनीपासून वीतभर वर उघडी दिसली पाहिजे. जोडीशी माती चिकटून राहिली की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, तिथूनच सुरू होतो. डिंक दिसत असेल तर कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवडलेले गोळा करून जाळा आणि बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी बादली नको. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचे पाणी हळूहळू ओता. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा, नाहीतर सालच भाजेल. मलम त्याच दिवशी वापरा. तयार डबा मिळतो म्हणून आणू नका, ताज्या मलमाची सर त्याला नाही.

मुळ्या सडलेल्या सापडल्या असतील, तरच आळवणी: मेटॅलॅक्झिल-एम ४ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक, २.५ ग्रॅम प्रति लिटर, आळे भिजेल इतके, एकदाच. वरून फवारणी हवी असेल तर फोसेटिल-एएल २.५ ग्रॅम प्रति लिटर. दोन्हींत तिसरे काही मिसळू नका आणि ताम्रयुक्त औषध फोसेटिलबरोबर कधीच नको. फळे तोडणीला आली असतील तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे औषध दिल्यापासून तोडणीपर्यंत सोडायचे दिवस, आधी वाचा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) द्यायचाच आहे, पण बुरशीनाशकानंतर पंधरा दिवसांनी, झाडामागे १०० ग्रॅम, कुजलेल्या शेणखतात मिसळून. एकाच दिवशी बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा देणारे दोन्ही पैसे मातीत घालतात, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असू द्या.

खत जमिनीतून नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत नाही. तोवर फार तर १ टक्का युरियाची, म्हणजे १० ग्रॅम प्रति लिटर, एक फवारणी. तीही पाने पुन्हा ताठ झाल्यावर, सकाळी. झाडावर फळे जास्त असतील तर निम्मी उतरवा. जीवावर येते, मला माहीत आहे. पण या हंगामाची फळे वाचवायला गेलात तर झाड जाईल.

भरपाईचे थोडक्यात. पीक विमा आणि सरकारी मदत नैसर्गिक आपत्तीसाठी असते, शेजाऱ्याच्या मोटारीसाठी नाही. त्यात धावपळ करू नका. पाणी उभे आहे तोवरच फोटो काढा, बाधित झाडे मोजा, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवा आणि शेजाऱ्याची सही मिळते का पाहा. अपघात असेल तर बहुतेक ठिकाणी बोलून मिटते, आणि चर काढायला त्याचीच माणसे येतात. नाही मिटले तर नुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयात जातो. शेतात पडणाऱ्या पाण्याची नैसर्गिक वाट कोणी बांध घालून अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. वरच्या बांधाला लागून, तुमच्या हद्दीत, एक आडवा चर घ्या: दोन फूट खोल, बागेच्या पूर्ण रुंदीचा, तोंड नाल्यात. मोटारीचे पाणी असो की मृगाचा पाऊस, बागेत शिरण्याआधी तिथेच अडेल. दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ उपसा. तोंड खालच्या शेजाऱ्याच्या बागेत मात्र काढू नका, नाहीतर पुढच्या वेळी हाच प्रश्न मला तो विचारेल. मेलेल्या झाडांच्या जागी सांधायची झाडे गादीवाफ्यावरच (उंच केलेल्या वाफ्यावर) लावा आणि खुंट जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा घ्या, मूळकूज त्यावर तुलनेने कमी येते.

प्रश्न: माझ्या डाळिंबात पाणी शिरले, पण ते शेजाऱ्याच्या मर लागलेल्या बागेतून आले. फक्त तासभर होते. काळजीचे कारण आहे का?

उत्तर: आहे. तुमचा धोका पाण्याच्या मुदतीत नाही, ते कुठून आले त्यात आहे. मर रोगाची बुरशी मातीतून आणि वाहत्या पाण्याबरोबर येते. पाणी जिथपर्यंत आले ती झाडे खुणा करून वेगळी ठेवा, तिथले खुरपे-फावडे वरच्या ओळीत नेऊ नका आणि छाटणी त्या झाडांची सर्वांत शेवटी करा. एखादी फांदी पिवळी पडली तर वाट न पाहता दाखवा. आजच काही ओतायची गरज नाही.

प्रश्न: पपईत दोन दिवस पाणी साचून होते. कोणते औषध द्यावे?

उत्तर: पपई दोन दिवसांचे पाणी सहसा सोसत नाही. बुंधा जमिनीलगत दाबून पाहा. मऊ लागला तर झाड गेले. उपटून बाहेर टाका, औषधावर एक रुपयाही घालू नका. टणक असलेल्यांच्या बुंध्याला वाफसा आल्यावर मातीची भर द्या, आणि पुढची लागवड गादीवाफ्यावर करा.