ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम : सोमवारी काय होईल?

तुमचा प्रश्न असा : भाचा ओहायोतल्या कोलंबसला शिकायला गेलाय, महिनाभर त्याच्या तोंडी 'बकाईज', म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाशिवाय दुसरा विषय नाही, सोमवारी फायनल आहे म्हणतो, तर हा सामना नेमका कसला आणि कोण जिंकेल?

आधीच सांगून टाकतो, मी तटस्थ नाही. कोलंबसात तेरा वर्षं झाली. भाच्याला जे झालंय तेच मला दुसऱ्या वर्षी झालं होतं आणि त्यावर औषध नाही.

सामना सोमवारी, २० जानेवारी २०२५ ला संध्याकाळी साडेसातला, अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये. तुमच्याकडे मंगळवारी सकाळचे सहा वाजलेले असतील, म्हणजे चहा घेऊन बसायला उत्तम वेळ. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद ठरणार आहे. एका बाजूला आमचं ओहायो स्टेट, दुसऱ्या बाजूला इंडियानातलं नोटर डेम. (नाव फ्रेंच आहे, पण इथे कुणापुढे 'नोत्र दाम' म्हणालात तर लोक पॅरिसच्या चर्चबद्दल बोलायला लागतील.)

खेळ पायाने खेळायचा नाही, एवढं भाच्याने सांगितलंच असेल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. चौथ्या प्रयत्नात बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब घालवतात, त्यामुळे खरा जीव तिसऱ्या प्रयत्नात, म्हणजे थर्ड डाउनमध्ये असतो. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर एक, खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे तीन. सकाळी सहाला उठणाऱ्याला एवढं पुरे.

आता आमची कथा. ३० नोव्हेंबरला आम्ही मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असे हरलो. तो पराभव कसला होता हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. मिशिगन म्हणजे आमचं सात पिढ्यांचं वैर. त्यात त्यांचा यंदाचा संघ सहा विजय आणि पाच पराभव घेऊन आलेला, आणि सट्टेबाजांच्या हिशोबाने आम्ही वीसेक गुणांनी जिंकणार होतो. आमच्याकडे देशातले सर्वांत वेगवान रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारे, असताना आमच्या प्रशिक्षकांनी दिवसभर चेंडू मधल्या गर्दीत घुसवला, जिथे मिशिगनचे दोन डोंगर उभे होते. भिंतीला डोकं आपटायचं, मागे यायचं, पुन्हा आपटायचं. सामना संपल्यावर त्यांनी आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. मुख्य प्रशिक्षक रायन डे नुसते उभे राहून बघत होते. मिशिगनकडून सलग चौथा पराभव. मी त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हाकला याला आजच्या आज' असं लिहिलं. मित्रांनी तो मेसेज पिन करून ठेवलाय, आणि गेला महिनाभर दर विजयानंतर कुणीतरी त्यावर अंगठा दाखवतं.

जुनी पद्धत असती तर हंगाम तिथेच संपला असता. २०१४ पासून गेल्या वर्षापर्यंत बाद फेरीत फक्त चार संघ यायचे. यंदापासून बारा झाले, आणि आम्ही आठव्या क्रमांकाने आत आलो. पहिल्या चार संघांना पहिली फेरी माफ होती. ते चारही आपापला पहिलाच सामना हरून घरी गेले, ही यंदाची सगळ्यात गमतीची गोष्ट.

आमचा पहिला सामना टेनेसीशी, २१ डिसेंबरला, घरच्याच मैदानावर, रात्री आठला. पारा शून्याच्या बराच खाली. दोन मोजे, दोन थर्मल, वर जॅकेट, आणि तरी पायाची बोटं आहेत की गेली हे कळत नव्हतं. एक लाखाहून जास्त माणसं बसतात त्या स्टेडियममध्ये, पण त्या रात्री आमच्या लोकांनी तिकिटं विकून टाकली होती आणि जिकडेतिकडे टेनेसीचा नारिंगी रंग. माझ्या पुढच्या रांगेतल्या नारिंगी टोपीवाल्या आजोबांनी मला हातात धरायचे गरम पॅड दिले आणि म्हणाले, लागतील तुला. पहिला क्वार्टर, म्हणजे पाव सामना, संपला तेव्हा आम्ही २१-० ने पुढे. आजोबा गप्प. शेवटी ४२-१७.

मग १ जानेवारीला रोज बोल, म्हणजे आमचा उपांत्यपूर्व सामना. समोर पहिल्या क्रमांकाचं, तोवर अजिंक्य असलेलं ऑरेगन. ऑक्टोबरात त्यांनीच आम्हाला ३२-३१ असं एका गुणाने हरवलं होतं. या वेळी जेमतेम तिसऱ्या खेळीत आमचा रिसीव्हर जेरेमाया स्मिथला ४५ यार्डांचा टचडाउन, आणि मध्यंतराच्या आधी धावफलक ३४-०. हा स्मिथ पहिल्या वर्षाचा पोरगा आहे, तुमच्या भाच्याहूनही लहान असेल. त्या दिवशी त्याने सात झेल घेतले, १८७ यार्ड काढले. ४१-२१ जिंकलो. उपांत्य सामन्यात टेक्ससने मात्र त्याला असा बांधून ठेवला की अख्ख्या सामन्यात एकच झेल, तीन यार्डांचा. तरीही आम्ही २८-१४ जिंकलो, ते आमच्या बचावातल्या जॅक सॉयरमुळे. २१-१४ असताना टेक्सस आमच्या एका यार्डाच्या रेषेवर येऊन थांबलं होतं. बरोबरी म्हणजे हातातोंडाशी आलेला घास. आमच्या बचावाने त्यांना मागे ढकललं, आणि चौथ्या प्रयत्नात सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याच्या, हातावर झडप घालून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. तो क्वार्टरबॅक क्विन यूअर्स एके काळी ओहायो स्टेटमध्ये सॉयरचाच रूममेट होता. आमच्या तळघरात मिसळीच्या ताटल्या तशाच राहिल्या, कुणीतरी फरसाणावर पाय दिला, आणि गालिच्यातून तर्रीचा डाग अजून निघालेला नाही.

नोटर डेमची गोष्टही कमी नाही. सप्टेंबरात ते नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान संघाकडून घरच्या मैदानावर १६-१४ असे हरले. लोकांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली. त्यानंतर सलग तेरा विजय. बाद फेरीत इंडियाना २७-१७, जॉर्जिया २३-१०, पेन स्टेट २७-२४. शेवटचा तर अखेरच्या सेकंदांत, ४१ यार्डांच्या फील्ड गोलवर. त्यांचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन मूळचे ओहायोचे, खेळले कोलंबसात, आमच्याच लाल-राखाडी जर्सीत. राष्ट्रीय अंतिम सामन्यात संघ घेऊन येणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. माणूस इतका सरळ आहे की त्याचा राग धरता येत नाही, आणि चाहत्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे.

इतिहास म्हणाल तर तो आमच्या बाजूने आहे. नोटर डेमने आम्हाला शेवटचं हरवलं १९३६ साली, ७-२ असं. त्यानंतर सहा वेळा गाठ पडली, सहाही वेळा आम्ही जिंकलो. सप्टेंबर २०२३ मध्ये तर त्यांच्या मैदानावर एक सेकंद उरला असताना टचडाउन करून १७-१४. त्या शेवटच्या दोन खेळ्यांना नोटर डेमचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते! त्यांचे लोक ते विसरलेले नाहीत, फ्रीमन तर नाहीच नाही. पण १९३६ वगैरे आकडे सामन्याच्या दिवशी कुणालाही अडवून पाडत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर फार भरवसा ठेवत नाही.

मग घोडं कुठे पेंड खाणार? माझ्या मते एकाच जागी. नोटर डेमचा बचाव 'मॅन' पद्धतीचा आहे, म्हणजे प्रत्येक रिसीव्हरमागे एक माणूस, कबड्डीत एकाने एकाला धरून ठेवावं तसं. हे त्यांना जमतं, चेंडू हिसकावण्यात त्यांचा हात धरणारा संघ यंदा क्वचितच. यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध त्यांनी दोन इंटरसेप्शन (समोरच्याने फेकलेला चेंडू मधेच पकडणं) थेट टचडाउनपर्यंत पळवले, एक ९९ यार्ड आणि एक १००. पण स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट अशा आमच्या तीन रिसीव्हरना एकएकट्याने किती वेळ धरणार? मदतीला दुसरा माणूस पाठवला की चेंडू घेऊन धावणाऱ्या ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स यांना पळायला रान मोकळं. यातून नोटर डेमला सुटका देऊ शकतो तो आमचाच हट्ट. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत आम्ही पुन्हा मधल्या गर्दीत डोकं आपटायला लागलो तर समजा, मिशिगनचं भूत अंगातून गेलेलं नाही. आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डने चेंडू हवेत ठेवला तर मला काळजी नाही. काळजी असलीच तर आमच्या डाव्या टॅकलची, म्हणजे डाव्या टोकाला उभं राहून क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्याची. पहिल्या पसंतीचा जॉश सिमन्स ऑक्टोबरातच जायबंदी झाला, आता ती जागा डोनोव्हन जॅक्सन सांभाळतोय, जो मुळात गार्ड, म्हणजे त्याच्या शेजारच्या जागेवरचा. सांभाळतोय मात्र झकास.

नोटर डेमचा डाव मला असा दिसतो : चेंडू आपल्याकडे ठेवायचा, घड्याळ चालवायचं, आमच्या रिसीव्हरना बाकावर बसवायचं. त्यांचा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड फेकण्यापेक्षा धावण्यात जास्त धोकादायक आहे, दोन-तीन यार्ड हवे असतील तेव्हा सरळ खांदा घालून घुसतो. आणि त्यांचाही एक जेरेमाया आहे, जेरेमाया लव्ह. दोन जेरेमाया, भाचा ओरडेल तेव्हा कुठला ते विचारून घ्या. इंडियानाविरुद्ध लव्ह एकाच खेळीत ९८ यार्ड पळाला होता. पेन स्टेटविरुद्ध गुडघा दुखत असताना दोन यार्डांच्या टचडाउनसाठी त्याने इतक्या जणांना अंगावर घेतलं की मी विरोधी पक्षाचा असून टाळ्या वाजवल्या. पण त्यांचाही डावा टॅकल, अँथनी नॅप, त्याच सामन्यात जखमी झाला आणि सोमवारी नाही. त्या बाजूने आमचे सॉयर आणि जे. टी. टुइमोलोआऊ येणार. लेनर्डला थर्ड डाउनला सात-आठ यार्ड हवे असतील तर माझे पैसे आमच्या बचावावर. एक-दोनच हवे असतील तर त्याच्यावर. म्हणून तुम्ही धावफलकापेक्षा तेवढंच बघा : नोटर डेमला थर्ड डाउनला किती यार्ड हवेत.

सट्टेबाज आम्हाला आठ-नऊ गुणांनी पुढे धरतात. मी म्हणतो २७-१७, ओहायो स्टेट. पहिल्या क्वार्टरमध्ये नोटर डेम पुढे असलं तर भाच्याला फोन करू नका, तो उचलणार नाही. आणि मिशिगनबद्दल तर जिंकल्यावरही विचारू नका.

आमच्याकडे सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आहे, त्यामुळे मिसळ सकाळीच होईल. बसायच्या जागा रोज बोलपासून ठरलेल्या आहेत आणि त्या बदलायच्या नाहीत असा अलिखित कायदा आहे. माझी जागा कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर, जिथून अर्धा टीव्ही खांबाआड जातो.