लहान कॉलेजातून मास मीडिया करावं का?

प्रश्न: ताई, मी देवगड तालुक्यातली, यंदा बारावी आर्ट्स झालेय आणि मला पत्रकार व्हायचंय. जवळच्या कॉलेजला मास मीडियाची डिग्री आहे पण वर्गात जेमतेम वीस मुलं, कॅमेरा एकच, स्टुडिओ नाही. मामा म्हणतो मुंबईला ये, गावच्या कॉलेजात शिकून तुला कोण विचारणार. बाबांची छोटी होडी आहे, मुंबईत राहायचा खर्च झेपणार नाही. काय करू?

उत्तर: अगं, कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं आहे का ते आधी बघ, सिंधुदुर्गातली बरीचशी आहेत, आणि असेल तर डिग्रीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच येतं. त्यामुळे डिग्रीची काळजी सोड. कॅमेऱ्याचीही सोड, वीस जणांत एक असला की तो तुझ्या हातात येतोच, मोठ्या वर्गात नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

आणि तुझ्याकडे बंदर आहे ना! होड्या लागल्या की जेटीवर जा आणि माशांचा लिलाव मोबाइलवर रेकॉर्ड कर. पहिल्यांदा नुसता वाराच ऐकू येईल, मग आपोआप कळेल की वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभरावर धरायचा, साधा कॉलरमाईक घेतलास तर त्याला स्पंज लावायचा. लिलावात पुकारलेला भाव आणि टोपली घेऊन बसलेल्या मावशीने सांगितलेला भाव वेगळा निघाला तर दोन्ही लिहून घे, फरक का पडला ते दोघांनाही विचार. बातमी तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होडीच्या कर्जाचे हप्ते कसे जातात, एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांवर किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले एवढे का चिडतात, हे तुला घरात बसून कळतं, मुंबईहून आलेल्या रिपोर्टरला त्यासाठी चार माणसं शोधावी लागतात.

मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत हं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, तुझ्याच तालुक्यातले, पण पेपर निघाला मुंबईतून. मोठी न्यूजरूम, डेस्कवरची घाई, डेडलाइन हे तिथेच बघायला मिळतं, म्हणून डिग्री इथे कर आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मामांकडे राहून इंटर्नशिप कर, त्यांना आत्ताच तसं सांगून ठेव. रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र आहे, तिथली व्हिजिट ठरवा म्हणून सरांच्या मागे लाग.

पैशाचं मात्र बाबांशी स्पष्ट बोल. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन बरेचदा फार कमी असतं आणि काही ठिकाणी जाहिराती आणायलाही लावतात, मला हे अजिबात पटत नाही पण चालतं. म्हणून व्हिडिओ एडिटिंग आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत नीट लिहिणं हे पक्कं कर, त्यावर माहिती खात्यात, जाहिरात एजन्सीत, पर्यटनवाल्यांकडेही काम मिळू शकतं.

फी भरायच्या आधी कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांचे प्रोजेक्ट दाखवायला सांग आणि शिकवणारे सर-मॅडम कायमचे आहेत की तासावर येणारे ते विचार. दाखवायला कुणाकडेच काही नसेल तर मला परत लिही, रत्नागिरीतली आणि गोव्यातली कॉलेजं बघू.