नवव्या क्रमांकाचा मुद्दा

प्रिय बाळ,

येशूच्या नावात सलाम.

तुझी वही पोचली. तीन रात्रींच्या सभेत त्या बाहेरगावच्या प्रचारकांनी काय काय चुकीचं शिकवलं, त्याचे नऊ मुद्दे तू लाल शाईत, वचनांच्या दाखल्यांसकट लिहिलेस. आपल्याकडचं एप्रिलातलं ऊन तुला माहीतच आहे. दुपारभर पंख्याखाली बसून दोनदा वाचून काढले. बहुतेक मुद्दे बरोबर आहेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटेल की काका त्यांची बाजू घेतायत.

पण नवव्या मुद्द्याशी मी थांबलो. ‘शेजारच्या मावशींनी सभेनंतर शुगरच्या गोळ्या बंद केल्या आहेत.’ एवढी एकच ओळ. पहिला मुद्दा त्रैक्याबद्दलच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दलच्या, त्यांच्या ढिल्या शब्दांवर, तो दीड पान.

पत्र इथंच ठेव आणि आधी मावशींकडे जाऊन ये. वाद घालू नकोस. जेवलात का विचार, गोळ्यांचा डबा कुठं आहे ते बघ, उद्या सकाळी त्यांना घेऊन सिव्हिलला साखर तपासून आण. ‘गोळी घेतली तर विश्वास कमी पडला’ असं त्या म्हणाल्या, तर प्रेषित पौलाचं सांग. ज्याच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्यानंच आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं होतं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून त्यानं लिहिलं. त्याच्याबरोबर फिरणारा लूक तर वैद्यच होता. त्यांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही.

आलीस? आता पुढचं.

चौथ्या मुद्द्यात तू बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनावरून प्रचारकांना धरलंस. ‘तुमच्या हिताचे संकल्प’ हे वचन घेऊन त्यांनी घर, गाडी, परदेशी नोकरी सगळं वाटून टाकलं म्हणतेस. वाचताना माझे कान गरम झाले, कारण हे वचन मीही वाटलंय. शब्बाथशाळेत बरीच वर्षं दहावीच्या पोरांना परीक्षेआधी याच वचनाची कार्डं द्यायचो, झेंडूचं चित्र काढून. एका वर्षी एक मुलगा नापास झाला. बापाचा पॉवरलूमवर रोज, घरात पाच माणसं. मला म्हणाला, “काका, माझ्याच बाबतीत देवाचा हिशेब चुकला का ओ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी तो अख्खा अध्याय पहिल्यांदा सलग वाचला. वय माझं तेव्हा एकेचाळीस.

ते यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण परत यायला सत्तर वर्षं आहेत. म्हणजे ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथंच मरणार होते. आणि अकराव्या वचनाच्या जरा वर काय आहे? तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवतायत, त्यांचं ऐकू नका. खोट्या शिकवणीपासून सावध करणाऱ्या अध्यायातलं एक वचन कापून मी तेच करत होतो. तसलंच गोड सांगणारा खोटा संदेष्टा हनन्या त्याच्या आदल्या अध्यायात आहे. मी यिर्मयाच्या तोंडून हनन्याचं बोलत होतो म्हण ना.

तो आदला अध्याय तू अजून नीट वाचला नसशील, कारण वहीत त्याचा दाखला कुठंच नाही. हनन्या मंदिरात, याजकांसमोर, सगळ्या लोकांसमोर ठणकावून सांगतो, बाबेलात नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया तिथंच उभा आहे, मानेवर बाबेलाच्या ताबेदारीची खूण म्हणून लाकडी जू. त्याला माहीत आहे हे खरं नाही. तो पहिल्यांदा काय म्हणतो? आमेन. परमेश्वर तसंच करो. मला हे वाचून नेहमी नवल वाटतं. त्याला स्वतःचं भाकीत खरं ठरण्याची हौस नव्हती. लोक सुटले तर त्याला हवंच होतं. मग तो एवढंच म्हणतो, शांतीचं भाकीत करणाऱ्याचं खरंखोटं ते घडल्यावर कळतं. हनन्या त्याच्या मानेवरचं जू काढून मोडतो, आणि यिर्मया वाटेला लागतो. उलटून बोलत नाही. नंतर देवाचा शब्द आल्यावर मात्र परत येतो आणि तोंडावर सांगतो, की हनन्या, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस.

तुझ्या वहीत ते ‘आमेन’ मला सापडलं नाही. त्या प्रचारकांनी उद्या म्हटलं, माझं चुकलं, तर तुला आनंद होईल की थोडं रिकामं वाटेल? मला उत्तर कळवू नकोस, फक्त बघ.

मी हे विचारतो, कारण चोविसाव्या वर्षी मी भर सभेत उभा राहिलो होतो. मुद्दा माझाच खरा होता. पाहुणे दशांशाबद्दल, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याबद्दल, खोटं बोलत होते. लोक हसले, पाहुणे गडबडले. पुढच्या रांगेत विड्या वळून पोट भरणारी एक म्हातारी होती. आठवड्याची मजुरी तिनं त्याच सभेत अर्पणात टाकली होती. बाहेर पडताना म्हणाली, “मी येडी ठरले की ओ सगळ्यांत.” नंतर ती उपासनेला आलीच नाही. माझ्या खरेपणाचं बिल तिनं भरलं.

यावरून नम्रता म्हणजे गप्प बसणं असं मात्र समजू नकोस. मंडळीत तुला कोणी ना कोणी ते ऐकवेलच, आणि मुलगी म्हणून जरा जास्तच. पंडिता रमाबाईंनाही ऐकवलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पटल्याशिवाय एकही सिद्धांत मान्य करेनात, म्हणून ज्यांनी त्यांना आसरा दिला त्याच धर्मभगिनींना तो गर्व वाटला. बाईंनी प्रश्न सोडले नाहीत, पण प्रश्न विचारून हात झटकून बसल्याही नाहीत. हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या, आणि आपल्याच पुण्याच्या रेल्वेलाइनवर केडगावला बसून मरेपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. गाडी तिथून जाताना मी अजून खिडकीबाहेर बघतो. तुझ्या वहीतल्या एका मुद्द्यासाठी तू तेवढा घाम गाळणार असशील, तर खुशाल हट्टी म्हणवून घे.

पाळकसाहेबांकडून कळलं की प्रचारक शुक्रवारपर्यंत इथंच आहेत. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तू, मी आणि पाळकसाहेब असे तिघंच त्यांना भेटू. बायबलातलं प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं अर्धवट शिकवणाऱ्या अपुल्लोला सभास्थानात अडवत नाही, आपल्याकडे घेऊन जातं, तसं. बोलायचं तू. वही घरी ठेव, लाल शाई बघून माणूस आधीच अंग आखडून घेतो. पहिला प्रश्न नवव्या मुद्द्याचा: मावशींना तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं? त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय दुसरा प्रश्न नाही. येशूला दोष देणाऱ्या परूशी धर्मपुढाऱ्यांना त्यांच्यातल्याच निकदेमानंही हेच विचारलं होतं, आधी न ऐकता कोणाला दोषी धरायचं असतं का. कदाचित ते तसं बोललेच नसतील आणि मावशींनी भलतंच ऐकलं असेल. बोलले असतील, तर तिथंच सरळ सांगायचं की हे थांबवा, आणि मी तुझ्या शेजारी बसलेला असेन.

सिव्हिलमधला आकडा काय आला ते उद्याच फोन करून कळव.

तुझा,
काका