पैशाचं सोंग आणि उडत्या तबकड्या

तुम्ही विचारलंय की परग्रहवासी पृथ्वीवर चाल करून येतात असे स्वस्तातले चित्रपट इतके हास्यास्पद दिसत असूनही लोक आवडीने का बघतात, ते नेमके कुठे गंडतात, आणि चार मित्रांनी मिळून पंधरा मिनिटांचा तसा लघुपट करायचा झाला तर काय सांभाळावं.

‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ या म्हणीशी या चित्रप्रकाराने जन्मापासून वैर धरलंय. भुताच्या चित्रपटाला एक घर पुरतं, खुनाच्या चित्रपटाला एक प्रेत. आक्रमण म्हटलं की गर्दी आली, फौज आली, जळणारी शहरं आली. गोष्ट मागते लाखांचा जमाव आणि हाताशी असतात सहा नट, एक गाडी आणि एक माळरान. ही ओढाताण बघण्यातच निम्मी गंमत आहे. 1953 च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये पृथ्वी संपवायला आलेला प्राणी म्हणजे गोरिलाचा केसाळ पोशाख आणि वर पाणबुड्याच्या टोपासारखं हेल्मेट. कारण साधं, नटाकडे गोरिलाचा पोशाख स्वतःचा होता. सुमारे 16,000 डॉलर आणि चार दिवसांत काम उरकलं. हसू येतंच, पण गुळगुळीत महागड्या चित्रपटात जे दिसत नाही ते इथे दिसतं. दोरा दिसतो, म्हणून दोरा ओढणारा माणूसही दिसतो.

(मोठ्या चित्रपटाच्या नावाशी साधर्म्य साधून काढलेल्या नकला मी यात धरत नाही. 2005 मध्ये स्पीलबर्गचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ यायच्या एक दिवस आधी त्याच कादंबरीवरचा स्वस्तातला चित्रपट थेट डीव्हीडीवर आला होता. तो व्यापाराचा हिशेब, हट्टाचा नव्हे.)

माझं मत असं की हे चित्रपट राक्षसापायी पडत नाहीत. रबरी राक्षस प्रेक्षक दोन मिनिटांत पदरात घेतो. त्याला बघून न घाबरणारा माणूस मात्र तो पदरात घेत नाही. शहर नष्ट झाल्याची बातमी टीव्हीवर येते आणि पुढच्याच प्रसंगात पात्रं आपल्या घटस्फोटावर बोलत बसतात. कुणी आईला फोन लावत नाही, कुणाला तहान लागत नाही, रस्त्यावर एकही सोडून दिलेली गाडी नाही. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. तरी ते का राहतं? वेळापत्रकामुळे. नव्वद पानांची पटकथा बारा दिवसांत उरकायची तर रोज साडेसात पानं पडतात. मोठ्या निर्मितीत दोन-तीन पानं झाली तरी दिवस बरा गेला म्हणतात. साडेसात पानांत प्रत्येक शॉटला एक-दोन टेक मिळतात, नट ओळीत उभे राहून संवाद म्हणतात आणि भीतीच्या तालमीला वेळच उरत नाही.

त्यातून येणारी सगळ्यांत ठळक चूक म्हणजे नजर. प्राणी नंतर संगणकावर घालायचा असतो, म्हणून तिघे नट तीन वेगवेगळ्या उंचीवर बघतात. उपाय फुकट आहे. प्राणी जवळचा असेल तर तेवढ्याच उंचीच्या बांबूला रंगीत चिकटपट्टी लावा आणि एकाला तो घेऊन प्राण्याच्या वाटेने चालायला सांगा. यान लांब असेल तर समोरच्या इमारतीचा एकच कोपरा किंवा एकच झाडाचा शेंडा ठरवा. कॅमेऱ्यामागून कुणीतरी मोठ्याने म्हणत राहायचं, ‘आता थांबलं, आता डावीकडे वळलं, आता खाली.’ त्या शॉटचा आवाज वाया जातो, तो नंतर डब करावा लागेल हे आधीच धरून चाला.

आता आकार. छोटं मॉडेल वापरणार असाल तर एक सूत्र पाठ करा: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या पटीच्या वर्गमुळाइतक्या पटीने सेकंदाला जास्त फ्रेम (सुटी चित्रं) घ्यायच्या. पंचवीस पट लहान मॉडेल असेल तर पाचपट, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 120 फ्रेम. खरी वस्तू 100 मीटरवरून पडायला साधारण साडेचार सेकंद घेते. पंचवीस पट लहान देखाव्यात ती उंची 4 मीटर होते आणि पडायला 0.9 सेकंद लागतात. पाचपट संथ केलं की पुन्हा साडेचार. हे पाळलं नाही की यान कोसळताना थेट खेळण्यासारखं टपकतं. पाणी, धूर आणि ज्वाळा मात्र या सूत्राला पुरत्या दाद देत नाहीत. थेंबाचा आकार लहान होत नाही, म्हणून मॉडेलच्या आसपास पाणी टाळलेलंच बरं. संगणकावरच्या यानालाही हाच न्याय आहे. अवाढव्य यान दोन सेकंदांत गर्रकन वळलं की ते माशीएवढं वाटतं.

संगणकावर खऱ्या चित्रात यान जोडताना शंभरातले नव्वद जण एकाच गोष्टीत चुकतात: यान जास्त काळं ठेवतात. दोन किलोमीटरवरच्या डोंगराची सावली काळीभोर कधीच नसते, हवेतल्या धुरकटपणाने ती करडी-निळसर होते. तुमचं यान त्या डोंगरामागे असेल तर त्याचा सर्वांत गडद भाग डोंगरापेक्षा फिकाच हवा. तपासायचं कसं? चित्र कृष्णधवल करून बघा, चूक लगेच ओरडते. जागेवर शूटिंग करताना एक करड्या रंगाचा चेंडू फ्रेममध्ये धरून दोन सेकंद चित्रित करा. ऊन कुठून येतं आणि सावली किती कडक आहे हे नंतर त्यावरूनच जुळवता येतं. शटर 24 फ्रेमला 1/48 किंवा 1/50 सेकंद ठेवलं असेल तर संगणकातल्या वस्तूलाही तेवढीच हालचालीची अस्पष्टता द्या, आणि शेवटी सगळ्या चित्रावर एकसारखा नॉइज (बारीक दाणेदारपणा) टाका.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा हलता शॉट हवा असेल तर एक पळवाट आहे. शॉट तिपाईवर, अजिबात न हलवता, 4के मध्ये घ्या. यान बसवा आणि मग तयार चित्रालाच हादरे द्या. अंतिम चित्रपट 1080 ओळींचा असेल तर कडेला भरपूर जागा उरते, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढण्याची कटकट वाचते.

आगीचे तयार क्लिप काळ्या पार्श्वभूमीवर मिळतात आणि लोक ते ‘स्क्रीन’ मोडमध्ये टाकून मोकळे होतात. हा मोड फक्त उजेड वाढवतो, काळा धूर दाखवूच शकत नाही. म्हणून भर दुपारी लावलेली आग आरपार दिसते. अशी आग रात्रीच्या शॉटमध्येच वापरा, आणि नटाच्या तोंडावर नारिंगी दिवा हलवा. बंदुकीचंही तेच. नळीतून संगणकी ठिणगी निघते, पण हाताला धक्का नाही, भिंतीवर क्षणाचा उजेड नाही. त्यापेक्षा बंदूक फ्रेमबाहेर ठेवून फक्त आवाज ऐकवा.

पोशाखाचं थोडक्यात: मुखवट्यातल्या डोळ्यांच्या भोकाभोवती नटाची कातडी काळी रंगवा, नाहीतर मधली फट पहिल्यांदा दिसते. मानेचा जोड कॉलर, फडकं किंवा चिखल यांनी झाका. आणि आकार कॅमेऱ्याच्या बाजूने ठरवा, विज्ञानाच्या नव्हे. 1956 च्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मध्ये शुक्रावरचा प्राणी जड गुरुत्वाकर्षणामुळे बसका असणार, असा विचार करून तो तसाच बनवला होता. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन सांगत की नायिकेने त्याच्याकडे खाली बघत ‘हाच का जग जिंकणारा’ असा शेरा मारला, आणि मग त्याची उंची वाढवावी लागली. शुक्राचं गुरुत्वाकर्षण खरं तर पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे, पण तर्क बरोबर असता तरी नायिकेच्या कमरेएवढा प्राणी भीती घालत नाही.

जे चित्रपट कमी पैशात जमले त्यांनी आक्रमण माणसाच्या मापाचं केलं. 1951 चा ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ सहा दिवसांत झाला. दुसऱ्या मोठ्या चित्रपटाचे उरलेले सेट घेतले आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून धुकं सोडलं. (धुक्याचं यंत्र बंद जागेत उत्तम. उघड्यावर झुळूक आली की एका शॉटमध्ये दाट आणि पुढच्यात गायब, म्हणून पहाटेची वारा पडलेली वेळ धरा.) 2010 च्या ‘मॉन्स्टर्स’चा खर्च पाच लाख डॉलरच्या आत होता. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने छायाचित्रण स्वतः केलं आणि अडीचशेच्या आसपास व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेले) शॉटही बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतःच केले. त्यातले कितीतरी शॉट प्राण्यांचे नाहीतच: रस्त्याकडेचे फलक, कुंपणं, दूरवर पडलेले अवशेष. आक्रमण होऊन गेल्यानंतरचं रुळलेलं जग. 2019 च्या ‘द व्हास्ट ऑफ नाइट’ने सात लाख डॉलरमध्ये याहून धीट काम केलं. फोनवर एक माणूस गोष्ट सांगत असताना पडदा चक्क काळा होतो आणि फक्त आवाज राहतो.

तुमच्या पंधरा मिनिटांसाठी हिशेब असा धरा. व्हीएफएक्स शॉट जास्तीत जास्त दहा, मिळून चाळीस सेकंद. ते पटकथेत ठरवा आणि शूटिंगच्या पहिल्या दिवशीच घ्या, कारण शेवटच्या दिवशी कुणाच्याच अंगात त्राण नसतं आणि याच चित्रपटांचे शेवट म्हणून कोसळतात. यानाचा उजेड खोलीत आणायचा तर लांब काठीला एलईडी दिवा बांधून खिडकीबाहेरून एकाच वेगाने फिरवा, घरातले बाकी दिवे बंद. आवाजावर निम्मा वेळ ठेवा. यानाची घरघर 40 हर्ट्झच्या खाली ठेवलीत तर फोनच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही, तिच्या जोडीला त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीतला थर द्या. आणि यान येण्याआधी रातकिड्यांचा आवाज कापा. तबकडी दाखवायचीच असेल तर एकदा, तीन सेकंद, कुणीतरी खिडकी लावून घेत असताना.